डब्यावरचं नाव शेवटी बघा

हँगरच्या सावलीत चार वैमानिक चहाला उभे राहिले की इंजिन ऑईलवरून वाद ठरलेला. एक एरोशेलचा भक्त, दुसरा फिलिप्सचा. तिसऱ्याला सिंगल ग्रेडशिवाय काही पटत नाही. चौथा मात्र गप्प असतो, कारण त्याच्या विमानाचं ऑईल गेल्या दिवाळीपासून बदललेलंच नाही.

हे आवाहन त्या चौथ्यासाठी आहे. शिवाय फ्लाइंग क्लबचे सभासद, भागीदारीत जुनं विमान घेतलेली मंडळी, पहिल्या सोलोची वाट बघणारे विद्यार्थी आणि कर्ज काढून त्यांची फी भरणारे आईवडील यांच्यासाठीही आहे. तुमच्यापैकी बहुतेकांवर ऑईल निवडायची वेळ येत नाही, ते काम इंजिनिअर करतो. पण टाकीत काय पडतंय आणि इंजिनात काय फिरतंय, हे विचारायचा हक्क विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो वापरत चला.

लहान विमानाचं जुनं पिस्टन इंजिन ब्रँड चुकल्यामुळे क्वचितच बिघडतं. त्याला मारतं ते चुकीच्या जातीचं इंधन, इंधनातलं पाणी, मुदत संपलेलं ऑईल आणि महिनोन्‌महिने एका जागी उभं राहणं. काळजी याच क्रमाने घ्या. कंपनीचं नाव या यादीत सगळ्यात शेवटी येतं.

आधी पुस्तक उघडा

आपल्याकडे धुळे, बारामती, नागपूर अशा ठिकाणी मुलं ज्या प्रकारच्या विमानांवर शिकतात, त्यांतलं सेस्ना १५२ घ्या. त्याचं उत्पादन १९८५ साली थांबलं. म्हणजे आज उडणारं सगळ्यात तरुण १५२ सुद्धा चाळिशीचं आहे, आणि त्यातल्या लायकमिंग ओ-२३५ इंजिनाचा मूळ आराखडा तर १९४० च्या दशकातला. हवेवर थंड होणारं, मॅग्नेटोवर चालणारं, मिक्स्चर हाताने जुळवायचं इंजिन. तुमच्या मोटारीत ठोका लागायला लागला की संगणक तो ओळखतो आणि ठिणगीची वेळ मागे घेतो. इथे तसं काही नाही. ठिणगीची वेळ कारखान्याने ठरवली ती ठरवली. म्हणूनच या इंजिनाला इंधन नेमकं लागतं, 'साधारण तसंच' चालत नाही.

कुठलं इंधन चालेल ते विमानाच्या हँडबुकात, टाकीच्या झाकणाजवळच्या पट्टीवर आणि इंजिन कंपनीच्या सूचनापत्रात छापलेलं असतं. लायकमिंगचं इंधनाचं सूचनापत्र १०७० क्रमांकाचं, ऑईलचं १०१४ क्रमांकाचं. काँटिनेंटल या दुसऱ्या इंजिन कंपनीची स्वतःची पुस्तकं आहेत. पत्रं वेळोवेळी सुधारली जातात, तेव्हा ताजी आवृत्ती बघा. तुमच्या इंजिनाचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, त्यात शोधा. 'आमच्या क्लबात सगळे हेच टाकतात' हा पुरावा नव्हे. इंजिनाच्या नावातल्या एका अक्षराने इंधन बदलतं. ओ-२३५ च्याच घराण्यात जुनी सी मालिका ८० ऑक्टेनवर चालायची. १५२ मधल्या एल मालिकेचं कॉम्प्रेशन ८.५ ला १, तिला १०० ऑक्टेनच लागतं.

निळा रंग, पांढरा कागद

आपल्याकडे विमानाचं पेट्रोल म्हणजे १००एलएल एव्हगॅस. रंग फिकट निळा. पूर्वी ते सगळं परदेशातून यायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑईल ते वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवते, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली खेप आपल्या जेएनपीटी बंदरातून पापुआ न्यू गिनीला रवाना झाली. मालाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही, तेव्हा 'मिळत नाही म्हणून दुसरं घातलं' ही सबब आता चालणार नाही.

सकाळच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर प्रत्येक ड्रेनमधून सॅम्पल काढा. भरल्यावर थोडा वेळ थांबा, पाणी खाली बसू द्या. मग पारदर्शक कप भरून पांढऱ्या कागदासमोर धरा. आकाशासमोर धरू नका, आकाशाचा निळा रंग डोळ्यांना फसवतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी थेंब किंवा स्पष्ट रेषा दिसते. नवीन मुलं इथे एका ठिकाणी चुकतात. कप पूर्ण पाण्यानेच भरला असेल, तर रेषा दिसतच नाही. सगळं स्वच्छ, नितळ दिसतं आणि मुलगा खूश होऊन कप ओतून टाकतो. म्हणून आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग रेषा शोधायची. शंका आली तर दुसऱ्या कपात खात्रीचं एव्हगॅस घेऊन दोन्ही शेजारी धरा. आणि पाणी सापडलं तर एक कप काढून थांबू नका. पंख हलवा, थोडं थांबा, पुन्हा काढा, आणि सॅम्पल सलग स्वच्छ येईपर्यंत काढत राहा.

जुन्या सेस्नाची टाकीची झाकणं पंखाच्या पाठीवर सपाट बसणारी असतात. त्यांचं रबर कडक झालं, की पावसाचं पाणी झाकणाभोवती साचतं आणि हळूहळू आत उतरतं. मे महिन्यातच ही रबरं तपासून घ्या. पावसाळ्यात विमान उघड्यावर उभं राहत असेल, तर रबर बदलायचा खर्च टाकीतल्या पाण्यापुढे काहीच नाही. रात्री टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरून ठेवलेली बरी, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. फक्त सकाळी वजनाचा हिशोब नव्याने करा.

जेट इंधनाचा घोटाळा

सगळ्यात घातक चूक म्हणजे एव्हगॅसवर चालणाऱ्या पिस्टनच्या विमानात जेट ए-१ भरणं. जेट ए-१ म्हणजे रॉकेलच्या जातीचं इंधन. त्याला ठिणगीच्या पिस्टन इंजिनात टिकण्याइतकं ऑक्टेन नसतं. सिलिंडरमध्ये ठोका सुरू होतो, तापमान चढतं आणि पिस्टन फुटतात. त्यातही वाईट म्हणजे इंजिन सुरू व्यवस्थित होतं, टॅक्सीही नीट होते, कारण नळ्यांत अजून जुनं एव्हगॅस असतं. दगा मिळतो तो उड्डाणानंतर, उंची नसताना.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोकोमोला दोन इंजिनांच्या पायपर एरोस्टारमध्ये असंच जेट इंधन भरलं गेलं आणि वैमानिकाचा जीव गेला. ज्या कामगाराने भरलं, त्याला ते विमान जेटसारखं वाटलं होतं. जेटच्या बाउझरचं, म्हणजे इंधन भरणाऱ्या टँकरचं, नोझल मुद्दाम रुंद आणि चपटं असतं, एव्हगॅसच्या टाकीच्या तोंडात ते सहज बसू नये म्हणून. त्याने ते तिरकं धरून भरलं. एवढी अडचण होत असताना तो थांबला असता, तर काम तिथेच निभावलं असतं. नोझल बसत नसेल, तर बसवायचा खटाटोप करू नका. थांबा आणि विचारा.

आपल्याकडे हा धोका वाढायला एक ताजं कारण आहे. डायमंड डीए-४० हे विमान दोन जातींचं येतं. एकात लायकमिंग इंजिन, त्याला एव्हगॅस लागतं. दुसऱ्यात ऑस्ट्रोचं डिझेल इंजिन, ते जेट ए-१ वर चालतं. एकाच ॲप्रनवर दोन्ही शेजारी उभी असली, तर लांबून फरक कळत नाही. इंधन भरताना वैमानिकाने स्वतः विमानाजवळ उभं राहावं, बाउझरवरचं नाव मोठ्याने वाचावं आणि पावतीवरची जात बघूनच सही करावी. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. एव्हगॅस उडून जातं, मागे काही राहत नाही. जेट इंधन मिसळलेलं असेल तर तेलकट डाग उरतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. थोडं जेट मिसळलं तरी निळसर छटा राहतेच.

पंपावरचं पेट्रोल नको

एव्हगॅस महाग आहे, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो: "मोटारीचं पेट्रोल का नाही चालणार? परदेशात तर घालतात." परदेशात घालतात हे खरं. १९८२ पासून अमेरिकेत काही कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना, उदाहरणार्थ सेस्ना १५० मधल्या काँटिनेंटल ओ-२०० ला, तशी परवानगी कागदोपत्री मिळत आली आहे. पण त्या परवानगीत एक अट आहे: पेट्रोलमध्ये इथेनॉल नसावं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. उसाच्या शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, ते मिळावेतच. पण जुन्या विमानाच्या टाकीत त्या इथेनॉलला जागा नाही.

कारणं साधी आहेत. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी उंचावर थंड झाली, की ते पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि इंजिनाला नेमकं तेच मिळतं. जुन्या कार्ब्युरेटरची रबरं, कॉर्कचे फ्लोट, टाकीचं सीलंट हे सगळं इथेनॉलच्या आधीच्या काळातलं, ते फुगतं किंवा विरघळतं. शिवाय मोटारीचं पेट्रोल एव्हगॅसपेक्षा लवकर उडतं. जळगाव, धुळे, नागपूरच्या मे महिन्यातल्या ४३-४४ अंशांत तापलेल्या नळीत त्याची वाफ अडकली, तर इंधन पुढे सरकत नाही.

आकड्यांचाही एक गैरसमज आहे. पंपावर ९१ असं दिसलं की माणूस म्हणतो, १०० ला नऊच तर कमी. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे आहेत. पंपावरचं ९१ ज्या परीक्षेतून येतं ती सौम्य. कडक परीक्षेत त्याच पेट्रोलला ८१ च्या आसपास गुण मिळतात. एव्हगॅसचे १०० हे त्या कडक परीक्षेतले. म्हणजे फरक नऊचा नाही, जवळपास एकोणिसाचा आहे.

हलक्या स्पोर्ट विमानांत रोटॅक्स ९१२ असतं. ते मोटारीच्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच बनवलंय, पण त्यालाही १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा आहे. ज्यांना पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का हे बघायचंय, त्यांनी खुणांच्या काचेच्या नळीत एक भाग पाणी आणि दहा भाग पेट्रोल घालून हलवावं आणि स्थिर होऊ द्यावं. पाण्याची पातळी वाढलेली दिसली, तर इथेनॉल आहे.

शिशाशी कसं वागायचं

आपल्या मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं फेब्रुवारी २००० मध्ये देशभर बंद झालं. एव्हगॅसमध्ये ते अजून आहे, लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. ठोका थांबवायचं काम ते करतं. पण जुन्या इंजिनांची एक वेगळी तक्रार आहे. त्यांतली पुष्कळशी ८० ऑक्टेनच्या लाल पेट्रोलसाठी बनली होती आणि त्यात लिटरमागे फक्त ०.१४ ग्रॅम शिसं असायचं. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं पुष्पक विमान जुन्या क्लबवाल्यांना आठवत असेल. १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं, त्यात काँटिनेंटल सी-९० हे त्याच जातीचं इंजिन होतं. अशा इंजिनाला आज १००एलएल द्यायचं, म्हणजे चौपट शिसं द्यायचं. नाव 'लो लेड' असलं तरी या इंजिनांना ते कमी नाही.

हे शिसं स्पार्क प्लगच्या तोंडाशी बारीक राखाडी गोळ्यांच्या रूपात साठतं, व्हॉल्व्ह गाईडमध्ये कार्बनबरोबर घट्ट बसतं आणि ऑईलमध्ये गाळ होऊन उतरतं. उड्डाणाआधीच्या रन-अपला मॅग्नेटो तपासताना इंजिन थरथरलं, तर बहुतेक वेळा कारण हेच. थंड इंजिन सुरू करताना पहिली काही मिनिटं एखादा सिलिंडर अडखळत असेल आणि मग सुरळीत होत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नका. व्हॉल्व्ह अडकायची ती पहिली खूण असते. इंजिनिअरला सांगा, गाईड तपासून घ्या.

उपाय वैमानिकाच्या हातात आहेत. टॅक्सी करताना मिक्स्चर पूर्ण रिच ठेवून रांगत राहू नका, हँडबुक सांगतं त्याप्रमाणे लीन करा. उड्डाणाआधी पुन्हा रिच करायला मात्र विसरू नका. बंद करण्यापूर्वी लायकमिंगची सूचना अशी आहे: इंजिन १८०० आरपीएमवर १५ ते २० सेकंद चालवा, मग १००० ते १२०० वर आणा आणि मिक्स्चर ओढून बंद करा. या थोड्या सेकंदांत प्लगवरचं पुष्कळसं शिसं जळून जातं.

आणि सॅम्पलचं पेट्रोल जमिनीवर ओतू नका, त्याने हात धुऊ नका. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं, आणि हँगरमधून घरी जाणारे कपडे आणि हात आपलेच असतात. उरलेलं एव्हगॅस बाईकमध्ये घालायचा मोह तर अजिबात नको, शिशाने बाईकच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायमचा निकामी होतो.

आता ऑईल

इथेही ब्रँडच्या आधी जात. दोन जाती लक्षात ठेवल्या की पुरे. पहिली साधं मिनरल ऑईल, दुसरी ॲशलेस डिस्पर्संट, म्हणजे घाण तळाशी बसू न देता स्वतःत धरून ठेवणारं, पण जळल्यावर राख न सोडणारं. मिनरल ऑईल मुख्यतः नव्या किंवा ओव्हरहॉल झालेल्या इंजिनात पहिले ५० तास, किंवा ऑईल पिणं एका पातळीवर स्थिर होईपर्यंत, रिंगा बसाव्यात म्हणून वापरतात. टर्बोचार्जरच्या आणि काही ठरावीक इंजिनांना सुरुवातीपासूनच डिस्पर्संट लागतं, ते सूचनापत्रात दिलेलं असतं. एरोशेलच्या डब्यावर नुसतं '१००' असेल तर ते मिनरल, 'डब्ल्यू १००' असेल तर डिस्पर्संट. एका अक्षराचा फरक, पण डबा उघडण्याआधी तो वाचा.

विमानाच्या ऑईलचा आकडा मोटारीच्या एसएई आकड्याच्या साधारण दुप्पट असतो. ८० म्हणजे एसएई ४०, १०० म्हणजे ५०, १२० म्हणजे ६०. लायकमिंगच्या तक्त्यात १५ अंशांच्या वरच्या हवेला एसएई ५०, २७ अंशांच्या वर एसएई ६० आणि उणे १ ते ३२ या पट्ट्यात एसएई ४० दिलंय. १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० ही मल्टिग्रेड ऑईलं सगळ्या तापमानांना चालतात. महाराष्ट्रात रोज उडणाऱ्या विमानाला वर्षभर डब्ल्यू १०० हा बरा तोडगा आहे. धुळ्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तिथे भल्या सकाळी इंजिन सुरू करायचं असेल तर मल्टिग्रेड लवकर सगळीकडे पोहोचतं. विमान जास्त उभं राहत असेल, तर इंजिनिअर मंडळी जाड सिंगल ग्रेड पसंत करतात, कारण ते भागांवर जास्त वेळ चिकटून राहतं.

मोटारीचं महागातलं सिंथेटिक ऑईल विमानाला घालू नका, डब्यावर एसएई ५० लिहिलेलं असलं तरी. मोटारीच्या ऑईलमध्ये धातूंची रसायनं असतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात फटी मोठ्या, थोडं ऑईल जळतंच. जळल्यावर त्या धातूंची राख पिस्टनच्या माथ्यावर बसते, लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. पिस्टनला भोक पडतं ते असं. पूर्ण सिंथेटिकचा प्रयोग विमानांतही झालेला आहे. मोबिल एव्ही १ हे ऑईल १९९० च्या दशकात बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण शिशाचा गाळ त्याला धरून ठेवता येत नव्हता.

वर्षानुवर्षं मिनरलवर चाललेल्या इंजिनात एकदम डिस्पर्संट घालायचं असेल, तर सांभाळून. साठलेला गाळ सुटतो आणि नळ्यांत अडकू शकतो. लायकमिंग सांगतं, जुनं ऑईल पूर्ण काढा, नवं भरा, पाच तासांच्या आत पुन्हा बदला आणि जाळी तपासा. 'थोडं हे, थोडं ते' असं मिसळू नका. बाजारातल्या चमत्कारी बाटल्याही नकोत. सूचनापत्रात नाव असेल तेवढंच घाला. काही इंजिनांना मात्र कॅमच्या झिजेवरचं एलडब्ल्यू-१६७०२ हे रसायन सक्तीचं आहे. १९७७ ते १९८० च्या सेस्ना १७२एन मधलं ओ-३२०-एच२एडी हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण.

आणि डिपस्टिक काठोकाठ भरायची हौस सोडा. १५२ च्या सम्पमध्ये सहा क्वार्ट मावतात, पण पुष्कळ इंजिनं वरचं क्वार्ट ब्रीदरमधून बाहेर फेकतात आणि विमानाचं पोट काळं करतात. तुमचं इंजिन कुठल्या पातळीवर स्थिरावतं ते बघा, किमान पातळीच्या वर राहून तिथेच ठेवा. दर तासाला किती पितंय ते लिहा. आकडा मोठा की लहान, यापेक्षा तो अचानक वाढला का, हे महत्त्वाचं.

तास आणि तारीख

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. फिल्टर असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास कितीही कमी भरले तरी चार महिन्यांनी ऑईल बदला. लायकमिंगचा हा नियम आहे. वैमानिक तास मोजतात, महिने विसरतात.

महिने का मोजायचे? पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. ते आणि शिशाची संयुगं रिंगांमधून खाली ऑईलमध्ये उतरतात. ऑईल ८० ते ९० अंशांवर तासभर फिरलं तर पाणी वाफ होऊन निघून जातं. नाही फिरलं तर आम्ल बनतं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असते. विमान उभं राहिलं की तिच्यावरचं ऑईल ओघळून जातं आणि कोकणातल्या, मुंबईच्या दमट हवेत उघड्या पोलादावर गंज चढतो. पुढच्या वेळी सुरू केलं, की गंजाचा तो खरखरीतपणा टॅपेटचा चेहरा खरवडतो. कुठल्याही कंपनीचं ऑईल हा गंज कायमचा अडवू शकत नाही.

म्हणून निदान तीस दिवसांत एकदा, ऑईल ७४ ते ९३ अंशांत ठेवून सलग तासभर उडवा. दमट भागात त्याहून लवकर. जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, त्यात पाणी तयार होतं पण उडून जात नाही. प्रॉपेलर हाताने फिरवून 'ऑईल पसरवायची' जुनी सवयही सोडा. त्याने उरलेला थर पुसला जातो आणि मॅग्नेटो चुकून जिवंत असेल तर हात जाईल. पावसाळ्यात उडवणं जमणार नसेल, तर इंजिन रीतसर प्रिझर्व्ह करून ठेवा.

ऑईल बदलताना फिल्टर कापून बघा. आतला कागद सुरीने काढा, उन्हात पसरा, घड्यांमधून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, म्हणजे बहुतेक कॅम, टॅपेट किंवा सिलिंडर. चमकतं पण चिकटत नाही ते ॲल्युमिनियम वगैरे. काय दिसलं ते लॉगबुकात लिहा. वापरलेलं ऑईल प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर एका तपासणीवरून घाबरू नका, आकडे कुठे चाललेत ते बघा.

परदेशातल्या मराठी मालकांना

अमेरिकेत नोकरी करताना चौघांत मिळून १९७० च्या दशकातली सेस्ना किंवा पायपर घेतलेल्या आपल्या लोकांपुढे वेगळा पेच आहे. तिथे शिसं जायचंच आहे, २०३० अखेरपर्यंत असं सरकारचं उद्दिष्ट. गॅमी कंपनीच्या जी१००यूएल या शिसंविरहित इंधनाला सप्टेंबर २०२२ मध्ये सर्व ठिणगी-इंजिनांसाठी मंजुरी मिळाली, पण रंग आणि सीलंट खराब झाल्याच्या तक्रारी आल्या. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या विमानांसाठी यूएल९४ हे शिसंविरहित इंधन घेतलं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतू लागल्याचं दिसताच त्याच वर्षी ते १००एलएल वर परतले. तेव्हा घाई नको आणि हट्टही नको. तुमच्या विमानाला मंजुरी आहे का ते कागदावर बघा, दोन वेगळ्या कंपन्यांची शिसंविरहित इंधनं एकमेकांत मिसळू नका, आणि बदल केल्यावर व्हॉल्व्ह आणि सील नियमित तपासा.

एवढं करा

विद्यार्थ्यांनो, सकाळी "सर, सॅम्पल मी काढू?" असं विचारायला लाजू नका. कुठल्याही चांगल्या इंजिनिअरला त्याचा राग येत नाही. पालकहो, फ्लाइंग स्कूल बघायला जाल तेव्हा विमानाच्या रंगाबरोबर हेही विचारा: ऑईल शेवटचं कधी बदललं, फिल्टर कापून बघता का, एव्हगॅस कुठून आणता. सरळ उत्तर मिळालं तर ती जागा बरी समजा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे चौकशी करा. ऑईल अधिकृत विक्रेत्याकडूनच, सीलबंद आणि कागदासकट घ्या.

आणि मालकांनो, उद्या हँगरमध्ये गेलात की पहिलं काम लॉगबुक उघडायचं. शेवटच्या ऑईल बदलाची तारीख बघा. चार महिने उलटून गेले असतील, तर आधी ऑईल बदलून घ्या, मगच उडा.